पुरात भिजलेली यंत्रं: चिखलीच्या ढिगाच्या कामाच्या नोंदी

८ ऑगस्ट २०२१, रविवार

पंचनामा झाला. आता वस्तू हलवायला हरकत नाही. मामाच्या दारात गल्लीतल्या लोकांनी आणून ठेवलेला ढीग आहे: छताचे पंखे, मिक्सर, दोन सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन, तीन फ्रिज, एक जुना डबा टीव्ही, एक मायक्रोवेव्ह, इस्त्र्या, पाण्यात घालायचे हीटर, इन्व्हर्टरची बॅटरी. पंचगंगा कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना गेली की इशारा आणि ४३ फुटांना धोका. चिखली-आंबेवाडीची माणसं हे आकडे ऐकतच जनावरं हलवतात, पण फ्रिज काही दावं सोडून नेता येत नाही. २०१९ला गेलं ते गेलं, त्यानंतर हप्त्याने घेतलेलं यंदा परत पाण्यात गेलं.

भंगारवाल्यांचे टेम्पो गावात फिरतायत. मिक्सर असो की मशीन, सगळं एकाच काट्यावर चढतं आणि लोखंडाच्या भावाने जातं. माझा आक्षेप तिथेच आहे. पंख्यातलं बेअरिंग चांगलं असेल, मशीनची मोटर वाळवून फिरत असेल, तर ती वस्तू किलोवर का जावी? म्हणून या कामाला क्रम ठरवला. आधी अख्खी वस्तू परत चालते का बघायचं. नाही चालली तर तिचे चालणारे भाग काढायचे. त्यातूनही जे उरेल तेच धातू म्हणून वेगळं करायचं. भंगारवाला शेवटी येणारच आहे, पण पहिला मान त्याचा नाही.

मामाचं उद्यमनगरात मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेची गुंडाळी परत भरायचं दुकान होतं. हाताला कंप सुटला तसं बंद केलं, पण नजर आणि कान शाबूत आहेत. मी छिन्नी-हातोडा घेऊन आले तर म्हणाला, "पोरी, ते ठेव खाली. आधी पाणी मार सगळ्याला." भिजलेल्या वस्तूला परत पाणी म्हटल्यावर शेजारच्या काकू बघतच राहिल्या. पण बरोबर आहे त्याचं. यंत्राचा घात साध्या पाण्याने फार कमी होतो, पाण्याबरोबर आलेल्या गाळाने होतो. तो ओला आहे तोवर नळीच्या धारेने निघतो, वाळला की वाइंडिंगच्या तारांमध्ये घट्ट बसतो आणि पुढे हवेतला ओलावा धरून ठेवतो. दिवसभर धुण्यातच गेला. कुठल्याही वस्तूची पिन सॉकेटला लावलेली नाही आणि लावायचीही नाही, हे घरातल्या पोरांना बजावून सांगितलं.

इन्व्हर्टरची बॅटरी उघडली नाही. आत शिसं आणि गंधकाम्ल. शिशासाठी बॅटऱ्या फोडून आम्ल गटारात ओततात, ते मातीत आणि विहिरीत जातं. तेव्हा लागू असलेल्या २००१च्या बॅटरी नियमांनुसार विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घ्यायची होती आणि नवीवर वजावटही मिळायची. ती सरळ उभी करून, टोपणं घट्ट लावून दुकानात पोचवली.

मामीचा तांब्याचा बंबही गाळाने भरला होता. चिंच-मीठ लावून घासला आणि संध्याकाळी त्यातच पाणी तापलं.

१५ ऑगस्ट, रविवार

पंखे. सुरुवात यांच्यापासून केली, कारण यातलं बरंच वाचेल असं मामाचं म्हणणं.

पाती आधी काढली. पंख्याची पाती बहुधा अॅल्युमिनियमची, आमच्याकडे सगळे जर्मनच म्हणतात. ती वाकू न देता त्या त्या पंख्याचा जोड बांधून ठेवायची, एकमेकांत मिसळली की पंखा डुलायला लागतो. मग दांडा, त्यातली पिन, आणि खालच्या-वरच्या झाकणांचे स्क्रू. स्क्रू गंजून धरले होते, तिथे डिझेलचे थेंब सोडून तासभर थांबले. झाकणाच्या खाचेत हातोडा मारला तर बिडासारखं ओतीव जर्मन तडकतं. लाकडाचा ठोकळा धरून चौफेर हलके ठोके दिले की झाकण आपण होऊन सुटतं.

आतला स्टेटर, म्हणजे तारेची गुंडाळी असलेला न फिरणारा भाग पाहिला. लाल-तपकिरी तार, तिच्यावर वॉर्निश, आणि त्यावर पंचगंगेचा करडा थर. मऊ ब्रश आणि स्वच्छ पाणी. तारेला नख किंवा स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही. पंख्याची तार ३६ गेजच्या आसपासची, केसाएवढी. एक तुटली तरी तो सगळा भाग परत भरायला लागतो.

बेअरिंग दोन, वरचं आणि खालचं. आपल्याकडच्या पंख्यांत बहुधा ६२०२ आणि ६२०१. ६२०२चं भोक १५ मिमी, बाहेरचा व्यास ३५. हे माप सायकल दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळे ओळखतात, म्हणून चांगलं बेअरिंग कधी वाया जात नाही. पुलरने काढली, डिझेलमध्ये धुतली, बोटावर फिरवून कानाशी धरली. मामाने डोळे मिटून एकेकाचा निकाल दिला: "हे ऱ्हाऊ दे. ह्यात खडा हाय. हे गेलं." गेलेली बेअरिंगं फेकायची नाहीत, ती कणखर पोलादाची असतात. आतल्या गोळ्या पोरांनी मागून घेतल्या.

कॅपॅसिटर, २.५ मायक्रोफॅरडचे. मीटरवर काही भरले, काही नाही. पण पाण्यात राहिलेला कॅपॅसिटर आज बरा दिसला तरी महिन्याने फुगतो. सगळे बाजूला काढले, नवे आणायचे. एवढीशी वस्तू वाचवून पंख्याचं वाइंडिंग धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

२२ ऑगस्ट, रविवार, नारळी पौर्णिमा

वाळवण. नुसतं उन्हात ठेवून भागत नाही, श्रावणातलं ऊन भरवशाचं नाही. मामाच्या जुन्या पत्र्याच्या ट्रंकेला खाली आणि वर भोकं पाडली, आत १०० वॅटचे दोन दिवे लावले आणि स्टेटर जाळीवर मांडले. भोकं दोन्हीकडे हवीत. गरम हवा वर निघून जाताना ओलावा घेऊन जाते, बंद पेटीत ती तिथल्या तिथे घाम होऊन परत तारेवर बसते. आतला ताप ६०-७० अंशांच्या घरात ठेवला.

मेगर मी काम करते त्या कारखान्यातून विचारून आणला. ५०० व्होल्टचा. वाइंडिंग आणि पंख्याचं लोखंडी अंग यांच्यामधला रोध मोजायचा. वाळवण्याआधी काटा जवळजवळ शून्यावर होता, म्हणजे हा पंखा लावला असता तर अंगाला हात लावणाऱ्याला धक्का बसला असता. एक मेगोहमच्या खाली असेल तर वीज द्यायचीच नाही. पेटीतल्या मुक्कामानंतर बहुतेक स्टेटर पन्नासच्या वर गेले. काटा हळूहळू चढताना बघणं हा या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे, तिथे नुसता ओलावा जात नाही, एका घरातला पंखा परत येतो.

वाळलेल्यांना वॉर्निश पाजलं आणि परत भाजलं. दोन स्टेटरचा रोध काही केल्या चढेना, स्लॉटमधला, म्हणजे तार बसते त्या खाचेतला कागदच कुजला होता. ते रिवायंडिंगला. मामा बाजूला बसून सांगेल, भरणार मी.

पहिली वीज सिरीज बोर्डवरूनच. वायरमन लोकांची ही जुनी युक्ती कोणाला ठाऊक नसेल तर सांगते. तपासायची वस्तू आणि एक १०० वॅटचा साधा दिवा एकामागे एक जोडायचे. वस्तूत शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो आणि तेवढ्यावर भागतं, फ्यूज उडत नाही की वाइंडिंग जळत नाही. दिवा मंद राहिला आणि पंखा हलायला लागला की सरळ वीज द्यायला हरकत नाही.

२९ ऑगस्ट, रविवार

मिक्सर. पंख्याइतकं यश नाही.

मिक्सरची मोटर वेगळ्या जातीची. आत आर्मेचर फिरतं, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर, त्यावर दोन कार्बन घासतात. पट्ट्यांच्या मधल्या फटींत गाळ जाऊन बसतो आणि तिथून ठिणग्या पडतात. टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन फट फट साफ केली. पण शाफ्ट ज्या बुशांत फिरतो, ती बुशं सच्छिद्र धातूची, आपल्या अंगात तेल धरून ठेवणारी. त्या छिद्रांत आता तेलाऐवजी माती आहे. शाफ्टवर चरे आलेत. हाताने फिरवलं तर घर्र आवाज.

कपलर, म्हणजे ज्यावर भांडं बसतं ती चकती, काढताना नव्या माणसाची फसगत होते. या मिक्सरच्या कपलरला उलटे आटे आहेत. खालून शाफ्टला स्क्रूड्रायव्हरने अडवायचं आणि कपलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. नेहमीच्या सवयीने उलटीकडे जोर लावला तर प्लास्टिक मोडतं आणि हातात काहीच राहत नाही.

बुशं बदलून जे चालले ते परत केले. बाकीच्यांतून कार्बन, स्विच, बुडाशी असलेलं ओव्हरलोडचं लाल बटण, कपलर, रबरी पाय असं सगळं काढून डब्यांत घातलं आणि प्रत्येक डब्यावर माप लिहिलं. भांडी स्टीलची, त्यांना काहीच झालं नव्हतं. पातं काढून, उकळत्या पाण्यातून काढून ज्याची त्याला. पुराच्या पाण्यात गटार आणि मेलेली जनावरंही असतात, म्हणून खाण्याच्या वस्तूला लागणाऱ्या भागाबाबत मी जरा जास्तच कडक आहे. रबरी वायसर एकही ठेवला नाही.

५ सप्टेंबर, रविवार

वॉशिंग मशीन. दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक, दोन्हीत दोन-दोन मोटर. अंग प्लास्टिकचं असल्याने गंज नाही, गाळ मात्र घमेलंभर निघाला.

धुण्याच्या टबाची मोटर पट्ट्याने गिअरबॉक्स फिरवते, पिळायची मोटर सरळ टोपलीला जोडलेली असते. दोन्ही टेबलावर ठेवल्या तर बाहेरून सारख्याच दिसतात. ओळखायच्या मीटरने. धुण्याची मोटर एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला फिरते, म्हणून तिची दोन्ही वाइंडिंगं सारखी असतात. बाहेर तीन तारा येतात. त्यांच्या जोड्या मोजल्या: २४, २४ आणि ४८ ओहम. ज्या दोन तारांमध्ये ४८ आला ती दोन टोकं, आणि उरलेली तिसरी सामाईक. पिळायची मोटर एकाच दिशेने फिरते, तिचं चालू वाइंडिंग आणि सुरुवातीचं वाइंडिंग वेगवेगळं, म्हणून तिन्ही आकडे वेगळे आले. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, मीटर फसवत नाही. हे मी कागदावर चित्र काढून मोटरच्या अंगाला चिकटवलं, पुढे कोणाच्याही हाती गेली तरी कळेल.

आता तांब्याचं. लोकांना वाटतं मोटर म्हणजे तांबं. पहिल्या मशीनच्या मोटरची तार चाकूच्या टोकाने किंचित खरवडली, आत लाल चमक. दुसरीची खरवडली तर पांढरी. मामाने हातात घेतली तेव्हाच म्हणाला होता, "हलकी लागतीय. जरमन हाय ही." वरचं इनॅमल दोन्हींना सारख्याच रंगाचं दिल्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही. अॅल्युमिनियमची घनता २.७, तांब्याची जवळजवळ ९. विजेच्या वहनात अॅल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्के, म्हणून तेवढ्याच कामाला तार जाड घ्यावी लागते आणि स्लॉट गच्च भरलेला दिसतो. अशी मोटर वाइट असते असं नाही, नीट ठेवली तर चालते. पण जोडाच्या जागी ती पाण्याने लवकर खाल्ली जाते, आणि हिचंही तेच झालंय. तांब्याची वाळवायला गेली. जर्मनची उलगडायला.

टायमर चावीचे, घड्याळासारखे. दात्यांत माती. डिझेलमध्ये भिजवून, ब्रशने साफ करून, शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब दिले. टिकटिक सुरू झाली. ज्या मशीनला छापील सर्किट नाही, तिच्यात दुरुस्तीला जागा राहते, हे या ढिगाने मला पुन्हा पुन्हा दाखवलं. पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्याने मशीन घेताना याचा विचार जरूर करावा.

दोनांतून एक अख्खी मशीन उभी राहील. दुसऱ्या मशीनची पिळायची मोटर, टायमर आणि ब्रेकची तार माझ्या कामाला ठेवली. त्याचं काय करायचं ते डोक्यात आहे.

९ सप्टेंबर, गुरुवार

उद्या गणपती. पंखे ज्यांचे त्यांच्या घरी चढवले. नवी बेअरिंगं जिथे लागली तिथे तेवढेच पैसे घेतले. मजुरी म्हणून कोणी नारळ दिला, कोणी दुधाचा तांब्या.

२६ सप्टेंबर, रविवार

फ्रिज. यावर सविस्तर लिहायला हवं, कारण गावात सर्वांत जास्त नासधूस याचीच होते.

फ्रिज पाण्यात तरंगतो. दार बंद असलं की होडीसारखा उचलला जातो आणि पाणी उतरल्यावर उताणा नाहीतर उलटा सापडतो. कॉम्प्रेसरचं कवच वेल्डिंगने बंद केलेलं असतं, त्यामुळे आत पाणी गेलेलं नसतं. बिघडतो तो बाहेरचा, त्याला सुरू करणारा रिले, जास्त भार आला की वीज तोडणारा ओव्हरलोड आणि टर्मिनल. म्हणून मागचा काळा गोळा बघून 'गेला' म्हणू नये. फ्रिज उभा करून ठेवला, आडवा असताना नळ्यांत गेलेलं तेल खाली उतरू दिलं. मग रिले-ओव्हरलोड नवे घालून तंत्रज्ञाने एकेक करून सुरू केले.

एक चालू झाला. त्याच्या अंगातला फोम कोरडा होता, जोडाच्या फटी शाबूत होत्या. दाराचं गॅस्केट, म्हणजे रबरी पट्टी, तेवढी बदलायची राहिली. दुसऱ्याचा कॉम्प्रेसर फिरला पण भिंतींतून दाबलं की घाण पाणी येत होतं. ज्याच्या कातडीत पुराचं पाणी मुरलंय, त्यात अन्न ठेवायचं नाही, हा माझा शेवटचा शब्द. मालकीणबाईंना वाईट वाटलं, पण पटलं. तिसऱ्याची मागची नळी दाबली गेली होती.

न चालणाऱ्या फ्रिजची नळी कापायची नाही. भंगारवाला पहिल्यांदा तेच करतो, कारण त्याला कॉम्प्रेसर मोकळा हवा असतो. कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवर गॅसचं नाव असतं, ते वाचायचं. जुन्या आर-१२ने ओझोनचा थर खाल्ला, त्यावर १९८७चा माँट्रियल करार झाला. नंतर आलेला आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशेपट ताप धरून ठेवतो. घरच्या फ्रिजमध्ये शंभरएक ग्रॅम गॅस असला तरी तो हवेत सोडणं म्हणजे सुमारे १४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे. आताच्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. याचा ताप नगण्य, पण तो पेटतो. बंद खोलीत नळी कापून शेजारी ग्राइंडर चालवला तर काय होईल हे सांगायला नको. तंत्रज्ञाकडे गॅस ओढून घेणारं यंत्र आहे, त्यानेच काढायचा.

आम्ही आतल्या काचेच्या फळ्या, तारेच्या जाळ्या, भाजीचा ट्रे, थर्मोस्टॅट आणि दाराच्या बिजागऱ्या काढल्या. तेव्हा लागू असलेल्या २०१६च्या ई-कचरा नियमांत फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी येत होते. म्हणून उरलेले दोन्ही सांगाडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या अधिकृत केंद्राच्या गाडीत चढवले. फोम आणि तेलाची विल्हेवाट लावण्याची सोय आपल्या अंगणात नसते.

३ ऑक्टोबर, रविवार

डबा टीव्ही उघडलाच नाही. मागच्या काचेच्या नळीत पोकळी आणि काचेत शिसं. तांब्याच्या कॉइलसाठी मानेवर दगड घालतात, त्यात काचेचे तुकडे उडतात आणि आतली पूड सगळीकडे पसरते. एवढ्याशा तांब्यासाठी हा सौदा नाही. अख्खा त्याच गाडीला.

मायक्रोवेव्हचं झाकण काढलं, पण मामाला आणि पोरांना बाहेर पाठवून. यात २१०० व्होल्टचा कॅपॅसिटर असतो. तो उतरावा म्हणून आत एक रोध बसवलेला असतो, पण तो पाण्याने तुटलेला असू शकतो. वस्तू महिनाभर पडून आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. एक हात पाठीमागे, दुसऱ्या हातात लांब प्लास्टिकच्या मुठीचं साधन, त्याला जोडलेला मोठा रोध, आणि मग मीटरने खात्री. ज्याने हे काम शिकून घेतलेलं नाही त्याने हे झाकण काढू नये. मी सहज करते म्हणून नाही, मला कारखान्यात वर्षानुवर्षं शिकवलं गेलं म्हणून करते.

काढलं ते असं: दाराचे तीन मायक्रोस्विच, ताटली फिरवणारी छोटी मोटर, पंखा, ट्रान्सफॉर्मर. मॅग्नेट्रॉनमधून, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागातून, वरखालच्या दोन लोहचुंबकाच्या चकत्या सोडवल्या, पण मधला चिनीमातीचा भाग फोडला नाही. काहींत बेरिलियमचा ऑक्साइड असतो आणि त्याची पूड फुप्फुसात गेली तर फार वाईट. चकत्या जोरकस आहेत, एक दोरीला बांधून धातू निवडायला ठेवली.

१० ऑक्टोबर, रविवार

आता धातू. इतके आठवडे बाजूला पडत गेलेला हा ढीग खरं म्हणजे लहानच राहिला, हे बघून बरं वाटलं.

चुंबक पहिला. चिकटलं ते लोखंड: पत्रा वेगळा, बीड वेगळं, मोटरच्या पातळ पत्र्यांच्या चकत्या वेगळ्या. बीड ओळखायला सोपं, मोडलेल्या कडेला करडा रवा दिसतो, आणि ठोकलं तर वाकत नाही, तुटतं. न चिकटलेल्यात जर्मन, पितळ, तांबं आणि स्टील. पण स्टीलच्या बाबतीत एकट्या चुंबकावर विसंबू नये. भांड्यांचं बरंचसं स्टील चिकटत नाही, आणि मशीनच्या टोपल्यांचं काही स्टील निकल नसल्याने चिकटतं. गंज नाही आणि तरी चिकटतंय, तर ते बाजूला ठेवून बघायचं.

पितळ स्विचच्या, सॉकेटच्या आणि टर्मिनलच्या पोटात सापडतं. शिवाय पंपाच्या स्टोव्हची एक टाकी, पण ती काकूंनी परत मागून घेतली. पाण्यात घालायचे हीटर मोडले: बाहेर तांब्याची नळी, आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड आणि मधोमध नायक्रोमची तार. ती पूड ओलावा पिते, म्हणून पुरातला हीटर पाण्यात घातला तर बादलीत करंट येतो. असे हीटर दुरुस्त म्हणून कोणाला देऊ नयेत. सगळे चिरले. इस्त्र्यांच्या ओतीव तळपट्ट्या, थर्मोस्टॅट, अभ्रकाचे तक्ते निघाले. अभ्रक मामाने हातातून घेतलं, "हे मिळत न्हाई आता चांगलं," म्हणून कागदात गुंडाळून ठेवलं.

वायरी जाळल्या नाहीत. गावाबाहेर रोज संध्याकाळी काळा धूर दिसतो, तो त्याचाच. प्लास्टिकच्या वायरीत क्लोरीन असतं. जळताना आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषं निघतात, ती राखेत आणि गोठ्यातल्या चाऱ्यावर बसतात. आणि जळलेली तार काळी पडते, भावही कमी मिळतो. लाकडाच्या फळीत खाच पाडून वर कटरचं पातं उभं बसवलं. वायर खाचेतून ओढली की वरचं आवरण चिरत जातं. पोरांच्या आज्जीने एका दुपारी सगळ्या जाड वायरी सोलून काढल्या. बारीक वायरी आणि छापील सर्किटं न सोलता, न जाळता, अधिकृत केंद्राला.

१४ ऑक्टोबर, गुरुवार, खंडेनवमी

हत्यारांना हळद-कुंकू. मेगरलाही. मामाने दुकान बंद केल्यापासून पेटीत पडलेली वाइंडिंगची चिमटी आणि फायबरच्या पाचरी बाहेर काढून मांडल्या. ते दोन पंखे माझ्या हातून भरून झालेत. दुसऱ्याच्या गुंडाळ्या मामाने न बोलता तपासल्या आणि माझ्याकडे बांधायचा दोरा दिला.

२४ ऑक्टोबर, रविवार

बाजूला ठेवलेल्या पिळायच्या मोटरचं काम. उसाची तोड सुरू होतेय, गावात कोयते-विळे परजायला रांग लागते. बाजारातला साधा ग्राइंडर मिनिटाला २८०० फेऱ्यांचा. पोलाद तापून निळं पडतं, त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि धार टिकत नाही. ही मोटर चार ध्रुवांची, ५० हर्ट्झवर १५०० फेऱ्यांच्या थोडी आतली, भार पडला की चौदाशेच्या खाली. सहा इंची सहाणेच्या चाकाला हा वेग विळ्यासाठी फार चांगला.

अडचण दोन. एक म्हणजे शाफ्ट. त्यावर ब्रेकचा ड्रम बसतो, सहाणेचं चाक नाही. उद्यमनगरात लेथवर एक जोडतुकडा करून घेतला, एका बाजूला शाफ्टचं भोक आणि दोन ग्रब स्क्रू, दुसऱ्या बाजूला चाकाचा आटा आणि नट. आट्याची बाजू फिरण्याच्या दिशेच्या उलट घट्ट होणारी घ्यावी लागते, नाहीतर चालताना नट सुटतो. दुसरी म्हणजे ताप. पिळायची मोटर सतत चालायला बनवलेलीच नसते, मशीनमध्ये तिला पाच मिनिटांच्या वर काम नसतं. म्हणून मशीनचाच चावीचा टायमर सर्किटमध्ये ठेवला. चावी फिरवली की पाच मिनिटं धार, मग आपोआप बंद. तेवढ्यात एक कोयता होतो, दुसरा हातात घेईपर्यंत मोटर निवते. वाइंडिंगला चिकटलेला तापाचा कट-आउट होता तसाच ठेवला. पाच मायक्रोफॅरडचा नवा कॅपॅसिटर, तीन पिनांची वायर, अर्थिंगची तार मोटरच्या अंगाला बोल्टने आणि चाकावर मशीनच्याच पत्र्याचं कव्हर. बुडाला मिक्सरचे रबरी पाय.

मेगर, मग सिरीज बोर्ड, मग सरळ वीज. आवाज गुळगुळीत. मामाने बेअरिंगला लाकडी दांडा लावून दुसरं टोक कानाला धरलं आणि मान हलवली.

३१ ऑक्टोबर, रविवार

धातू गेला. नेहमीच्या भंगारवाल्याकडेच, पण वेगवेगळ्या पोत्यांत आणि प्रत्येक पोतं समोर वजन करून. एकत्र ढीग दिला असता तर सगळ्याला पत्र्याचा भाव लागला असता. सोललेल्या तांब्याचा भाव त्याच्या कितीतरी पट. बीड आणि चकत्या तो शिरोलीच्या फाउंड्रीला देतो म्हणाला, म्हणजे पुढच्या वर्षी इथल्याच कुठल्यातरी पंपाच्या अंगात येतील. आलेल्या पैशांतून आधी बेअरिंगं आणि कॅपॅसिटर यांची उधारी भागवली. उरलेल्यात एक मेगर घ्यायचा, गावाचा म्हणून. कारखान्यातला परत दिला.

डब्यांची मांडणी मामाच्या माळ्यावर केली, खाली नाही. वरच्या पायरीच्या दोन हात वर. यादी भिंतीवर खडूने लिहिली: बेअरिंग, कार्बन, कपलर, टायमर, स्विच, गॅस्केट, थर्मोस्टॅट. कोणाला काय लागेल ते नेऊन नाव लिहायचं.

धारेचं यंत्र मधल्या आळीतल्या पारावर वायर पुरेल तिथे ठेवलंय. आज सकाळपासून टायमरची चावी कोणी ना कोणी फिरवतंय. दोन सूचना लिहून लावल्या: डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय धार नाही, आणि टायमर थांबल्यावर लगेच परत चावी द्यायची नाही.

राहिलेली कामं: एका फ्रिजचं गॅस्केट मिळायचंय. दुसऱ्या मशीनचा रिकामा टब पाण्याच्या टाकीसाठी आंबेवाडीच्या पाहुण्यांनी मागितलाय, त्याची भोकं बुजवायची आहेत. आणि पुढच्या पावसाळ्याआधी गल्लीतल्या खालच्या सगळ्या सॉकेटांच्या जागा वर घ्यायच्या, त्यासाठी वायर मोजायला पुढच्या रविवारी.